आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स

आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स ही अमेरिकन लेखक स्कॉट ओडेल (१८९८–१९८९) यांनी किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली इंग्लिश ऐतिहासिक कादंबरी आहे. ती १९६० साली होटन मिफ्लिन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या एका बेटावर एकटी मागे राहिलेली करना ही मुलगी अनेक वर्षे स्वतःच्या बळावर कशी जगते, याची ही कथा आहे. सॅन निकोलस बेटावर १८३५ ते १८५३ या काळात सुमारे अठरा वर्षे एकटी राहिलेल्या एका निकोलेन्यो स्त्रीच्या जीवनावर कादंबरी आधारलेली आहे. या कादंबरीला १९६१ चे न्यूबेरी पदक मिळाले. विसाव्या शतकातील अमेरिकन बालसाहित्यात सर्वाधिक वाचल्या गेलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत तिची गणना होते.

ज्या स्त्रीवरून करना हे पात्र घडवले, तिच्याविषयीची समकालीन माहिती अत्यंत तुटपुंजी आहे. तिचे मूळ नावही नोंदले गेले नाही. त्यामुळे कादंबरीतील कोणता भाग इतिहास आणि कोणता कल्पित, हा प्रश्न या पुस्तकाच्या अभ्यासात मध्यवर्ती ठरला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सॅन निकोलस बेट आणि निकोलेन्यो लोक

सॅन निकोलस हे कॅलिफोर्नियाच्या चॅनल द्वीपसमूहातील, मुख्य भूमीपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावरील एकाकी बेट आहे. त्याची लांबी सुमारे १४ किलोमीटर असून रुंदी सुमारे ५ किलोमीटर आहे. बेटावर सतत जोराचे वारे वाहतात आणि झाडी फारच थोडी आहे. भोवतालचा समुद्र मात्र मासे, शिंपले, सील आणि समुद्री ऊद (पाणमांजर) यांनी समृद्ध होता. या बेटावर हजारो वर्षे मानवी वस्ती असल्याचे पुरावे मिळाले आहेत. येथील रहिवाशांना अभ्यासक निकोलेन्यो असे म्हणतात.

समुद्री उदाच्या मऊ व दाट कातड्याला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या बाजारपेठेत मोठी किंमत मिळत असे. या व्यापारासाठी रशियन-अमेरिकन कंपनी अलास्काकडील स्थानिक शिकाऱ्यांना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आणत असे. १८१४ साली इल्मेना या जहाजातून आलेल्या कोडियाक बेटाकडील शिकाऱ्यांची आणि निकोलेन्यो लोकांची हिंसक चकमक झाली. तीत अनेक निकोलेन्यो मारले गेले. आधीच लहान असलेला हा समाज त्यानंतर झपाट्याने घटत गेला. १८३५ साली कॅलिफोर्निया मेक्सिकोच्या अंमलाखाली असताना, चार्ल्स हबर्ड हा कप्तान असलेले पेओर एस नादा नावाचे शिडाचे जहाज बेटावर आले. उरलेल्या लोकांना त्यातून मुख्य भूमीवरील सॅन पेद्रो येथे नेण्यात आले. एक स्त्री मात्र बेटावरच राहिली.

एकाकी स्त्री

ती मागे का राहिली याविषयी एकमत नाही. आपले मूल बेटावर राहिल्याचे लक्षात येताच ती परत फिरली आणि तेवढ्यात वारा वाढल्याने जहाज निघून गेले, असे काही वृत्तान्त सांगतात. तिने जहाजावरून समुद्रात उडी घेतली, असे इतर काही वृत्तान्तांत म्हटले आहे. ते मूल रानटी कुत्र्यांच्या तोंडी पडले, ही गोष्टही नंतरच्या लेखनातून पसरली. यांपैकी कोणताही वृत्तान्त तिच्या स्वतःच्या तोंडून, तिच्या भाषेत नोंदलेला नाही.

बेटावर एक स्त्री एकटीच राहते, ही बातमी ती सापडण्यापूर्वीच दूरवर पोहोचली होती. १८४७ साली बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने तिच्यावर मजकूर छापला आणि तिला स्त्रीरूपातील क्रूसो ठरवले. १८५३ साली सांता बार्बरा येथील शिकारी जॉर्ज निडेव्हर समुद्री उदाच्या शिकारीसाठी बेटावर गेले. त्यांच्या तुकडीतील कार्ल डिटमन यांना ती प्रथम दिसली. देवमाशाच्या बरगड्या आणि झुडपे यांच्या आडोशाला बसून ती सीलच्या कातड्यावरील चरबी खरवडत होती. पाणकावळ्याच्या पिसांसकट शिवलेल्या कातड्याचा झगा तिच्या अंगावर होता. तिने आलेल्या माणसांचे हसून स्वागत केले आणि त्यांना भाजलेली कंदमुळे देऊ केली. निडेव्हर यांच्या अंदाजाप्रमाणे तिचे वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते.

ती स्वखुशीने सांता बार्बरा येथे आली आणि निडेव्हर कुटुंबाच्या घरी राहिली. तिची भाषा समजणारा कोणीही तेथे आढळला नाही, असे त्या काळच्या वृत्तान्तांत म्हटले आहे. ती हातवारे करून बोलत असे आणि भेटायला येणाऱ्यांसमोर गात व नाचत असे. अवघ्या सात आठवड्यांत पोटाच्या विकाराने तिचा मृत्यू झाला. १९ ऑक्टोबर १८५३ ही तिच्या मृत्यूची तारीख दिली जाते. अखेरच्या क्षणी तिला बाप्तिस्मा देऊन हुआना मारिया हे नाव ठेवण्यात आले. सांता बार्बरा मिशनच्या दफनभूमीत तिचे दफन झाले आणि १९२८ साली तेथे तिच्या स्मरणार्थ फलक बसवण्यात आला.

तिच्या बोलण्यातील केवळ चार शब्द आणि गाणी एवढेच नोंदले गेले. त्या चार शब्दांच्या आधारे भाषाशास्त्रज्ञ पामेला मन्रो यांनी तिची भाषा युटो-अझ्टेकन भाषाकुळाच्या ताकिक शाखेतील असावी, असा निष्कर्ष काढला. तिच्या वस्तूंपैकी काही कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेच्या संग्रहात होत्या. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात व त्यानंतरच्या आगीत त्या नष्ट झाल्या. पिसांचा झगा व्हॅटिकनला पाठवल्याचे सांगितले जाते, परंतु तो तेथे सापडलेला नाही.

लेखन आणि प्रकाशन

स्कॉट ओडेल यांचा जन्म लॉस एंजेलिस येथे झाला. बालपणाचा काही काळ त्यांनी सॅन पेद्रोजवळच्या रॅटलस्नेक आयलंड या भागात, समुद्रकाठी घालवला. निकोलेन्यो लोकांना १८३५ साली जेथे उतरवण्यात आले होते, तोच हा परिसर होय. या कादंबरीपूर्वी ओडेल यांनी प्रौढ वाचकांसाठी कादंबऱ्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या इतिहासावरील लेखन केले होते. त्या अभ्यासातच एकाकी स्त्रीची हकिगत त्यांच्यासमोर आली. एमा हार्डेकर यांचा १८८० साली स्क्रिब्नर्स मंथली या मासिकात प्रसिद्ध झालेला लेख आणि निडेव्हर यांच्या १८७८ साली लिहून घेतलेल्या आठवणी, हे या हकिगतीचे प्रमुख लिखित स्रोत आहेत.

आपण राहतो त्या डोंगराळ भागात शिकाऱ्यांनी चालवलेल्या प्राणिहत्येचा संताप हे कादंबरीच्या लेखनामागील एक कारण असल्याचे ओडेल यांनी पुढे सांगितले. कादंबरी लिहिताना त्यांच्यासमोर बालवाचक नव्हते. हस्तलिखित वाचल्यावर बालसाहित्यिका मॉड हार्ट लव्हलेस यांनी ते मुलांसाठीचे पुस्तक असल्याचे त्यांच्या लक्षात आणून दिले. अशा रीतीने वयाची साठी ओलांडल्यावर ओडेल बालसाहित्याकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांनी प्रामुख्याने किशोरांसाठीच लेखन केले.

कथानक

कादंबरीत २९ प्रकरणे असून निवेदन करनाच्या तोंडी आहे. कथा सुरू होते तेव्हा ती बारा वर्षांची असते. घालास-अत या गावात ती वडील चोविग, मोठी बहीण उलापे आणि सहा वर्षांचा भाऊ रामो यांच्यासह राहते. चोविग हे गावाचे प्रमुख आहेत. एके दिवशी कप्तान ओर्लोव्ह ॲल्यूट शिकाऱ्यांना घेऊन बेटावर येतो. मारलेल्या समुद्री उदांच्या मोबदल्यात निम्मा वाटा देण्याचे तो कबूल करतो, पण निघण्याच्या वेळी शब्द फिरवतो. किनाऱ्यावर झालेल्या लढाईत चोविग आणि गावातील बहुतेक पुरुष मारले जातात.

पुरुषांची कामे अंगावर आल्याने गावाची घडी विस्कटते. नवा प्रमुख किमकी मदतीच्या शोधात होडीतून पूर्वेकडे निघून जातो. पुढे त्याच्या निरोपावरून गोऱ्या लोकांचे जहाज येते आणि सर्व गावकरी त्यात चढतात. विसरलेला भाला आणण्यासाठी रामो मागे धावल्याचे करनाच्या लक्षात येते. वादळ वाढत असल्याने जहाज थांबत नाही, तेव्हा ती समुद्रात उडी घेऊन किनारा गाठते. दुसऱ्याच दिवशी रानटी कुत्र्यांची टोळी रामोला ठार मारते. करना गावातील झोपड्या जाळून टाकते आणि कुत्र्यांचा सूड घेण्याचा निश्चय करते.

स्त्रियांनी शस्त्रे बनवल्यास अनर्थ ओढवतो, अशी तिच्या समाजाची समजूत असते. भीती गिळून ती धनुष्यबाण आणि भाला तयार करते. होडीतून मुख्य भूमी गाठण्याचा तिचा प्रयत्न होडीला गळती लागल्याने फसतो. परतीच्या वाटेवर डॉल्फिनचा कळप तिला सोबत करतो. त्यानंतर बेट हेच आपले घर असे मानून ती देवमाशाच्या बरगड्यांचे कुंपण घालून निवारा उभारते. कुत्र्यांच्या टोळीच्या म्होरक्याला ती बाणाने जखमी करते, पण त्याला ठार करण्याऐवजी त्याची शुश्रूषा करते. रोंटू या नावाने तो तिचा सोबती बनतो.

काही वर्षांनी ॲल्यूट शिकारी पुन्हा बेटावर येतात. करना गुहेत लपून राहते. शिकाऱ्यांसोबत आलेल्या टुटोक या मुलीला ती दिसते. परस्परांची भाषा येत नसतानाही दोघींत मैत्री जुळते. ही मैत्री आणि एका जखमी समुद्री उदाचा लागलेला लळा यांमुळे ती पुढे समुद्री ऊद, पाणकावळे व सील यांची शिकार सोडून देते. रोंटू म्हातारा होऊन मरतो. त्याच्याच वंशातील एका कुत्र्याला ती रोंटू-अरू हे नाव देते. भूकंप आणि प्रचंड लाटांच्या संकटातूनही ती वाचते. अखेर पुन्हा आलेल्या जहाजातून ती कुत्रा व पाळलेले पक्षी घेऊन बेट सोडते. पूर्वीचे जहाज मुख्य भूमीला पोहोचल्यानंतर लवकरच वादळात बुडाले, म्हणून आपल्याला न्यायला कोणी परत आले नाही, हे तिला सांता बार्बरा येथे कळते.

प्रमुख पात्रे

करना – कथेची नायिका व निवेदक. हे तिचे गुप्त नाव असून व्यवहारातील नाव वोन-अ-पा-लेई असे आहे.
रामो – करनाचा धाकटा भाऊ.
उलापे – करनाची मोठी बहीण.
चोविग – करनाचे वडील व गावाचे प्रमुख. त्यांनी आपले गुप्त नाव परक्या कप्तानाला सांगितले म्हणून त्यांचे बळ सरले, असे करनाला वाटते.
ओर्लोव्ह – ॲल्यूट शिकाऱ्यांना घेऊन आलेला रशियन कप्तान.
किमकी आणि मातासाइप – चोविगनंतरचे प्रमुख.
टुटोक – ॲल्यूट मुलगी, करनाची मैत्रीण.
रोंटू – रानटी टोळीचा म्होरक्या व नंतर करनाचा सोबती असलेला कुत्रा.

शैली आणि आशयसूत्रे

कादंबरीची भाषा मितभाषी आहे. वाक्ये लहान व सरळ असून भावनांचे वर्णन करण्याऐवजी कृती सांगण्यावर भर आहे. भावाच्या मृत्यूसारखा प्रसंगही थोडक्यात, कोणतेही भाष्य न करता येतो. झोपडी कशी बांधली, पाणी कोठून आणले, दिव्यासाठी कोणते मासे वाळवले, भाल्याच्या टोकासाठी काय वापरले, अशा तपशिलांतून काळ व परिसर उभे राहतात. तारखा मजकुरात येत नाहीत. निवेदक मुलीला युरोपीय कालगणना माहीत नसल्याने कथेतील काळ ऋतूंवरून आणि लाटा-वाऱ्यांवरून मोजला जातो. ऐतिहासिक वर्षे वाचकाला केवळ शेवटी जोडलेल्या लेखकाच्या टिपणातून कळतात.

सूड आणि क्षमा हे कादंबरीचे मुख्य आशयसूत्र मानले जाते. ज्या कुत्र्याने भावाचा घात केला तो सोबती होतो आणि ज्या लोकांनी वडिलांना मारले त्यांच्यातील मुलगी मैत्रीण बनते. माणसाने प्राण्यांशी कसे वागावे हे दुसरे सूत्र आहे. तिसरे सूत्र स्त्रीच्या स्वावलंबनाचे आहे. १९६० च्या सुमारास साहसकथांचे नायक बहुधा मुलगेच असत. अशा काळात शस्त्रे बनवणारी, होडी वल्हवणारी आणि कोणाही पुरुषाच्या आधाराविना जगणारी नायिका वाचकांना नवी होती. डॅनियल डिफो यांच्या रॉबिन्सन क्रूसो (१७१९) या कादंबरीशी तिची तुलना वारंवार केली जाते. दोन्ही पुस्तकांत एक मूलभूत फरक आहे. क्रूसो परक्या बेटावर येऊन पडतो आणि तेथे आपल्या देशासारखा संसार मांडतो. करना मात्र स्वतःच्याच भूमीवर राहते आणि पूर्वजांकडून मिळालेल्या ज्ञानावर जगते.

इतिहास आणि कल्पित

कादंबरीचा सांगाडा ऐतिहासिक असला तरी त्यातील बराचसा तपशील लेखकाच्या कल्पनेतून आला आहे. अभ्यासकांनी दाखवलेले महत्त्वाचे फरक पुढीलप्रमाणे आहेत.

वय: करना बारा वर्षांची आहे. निडेव्हर यांच्या अंदाजानुसार हिशेब केल्यास प्रत्यक्षातील स्त्री १८३५ साली तिशीच्या आसपासची असावी. किशोर वाचकाला नायिकेशी समरस होता यावे, असा परिणाम या बदलाने साधला.

नाते: जुन्या वृत्तान्तांत ती मुलासाठी मागे फिरते. कादंबरीत मुलाच्या जागी भाऊ आला आहे. नायिका लहान मुलगी केल्यावर हा बदल अपरिहार्य होता.

काळ: शिकाऱ्यांशी झालेली चकमक १८१४ सालची आणि स्थलांतर १८३५ सालचे आहे. या दोन घटनांमधील सुमारे एकवीस वर्षांचे अंतर कादंबरीत थोड्याच ऋतूंवर आले आहे. त्यामुळे दोन पिढ्यांत घडलेली समाजाची ऱ्हासप्रक्रिया एकाच लढाईचा परिणाम भासते.

शिकारी: कादंबरीत त्यांना ॲल्यूट म्हटले आहे. १८१४ च्या चकमकीतील शिकारी कोडियाक बेटाकडील अलुतीक समाजाचे होते. रशियन-अमेरिकन कंपनी अलास्कातील स्थानिकांकडून सक्तीने शिकार करवून घेत असे. शिकारी स्वतःही याच व्यापाराचे बळी होते, ही बाजू कादंबरीत फारशी दिसत नाही.

चालीरीती: स्त्रियांनी शस्त्रे बनवू नयेत हा निषेध आणि गुप्त नावाची प्रथा यांवर कथानकाचा बराच भार आहे. निकोलेन्यो समाजाच्या सामाजिक चालीरीतींविषयी लेखी माहिती जवळजवळ नसल्याने त्यांना ऐतिहासिक आधार दाखवता येत नाही.

नाव: कादंबरीत नायिकेला दोन नावे आहेत आणि गुप्त नाव कोणाला सांगायचे हे ती स्वतः ठरवते. प्रत्यक्षातील स्त्रीचे नाव कोणीही नोंदवले नाही. हुआना मारिया हे नाव तिला मरणसमयी इतरांनी दिले. करना हे नाव पूर्णतः कल्पित आहे, तरीही पुष्कळ वाचक तेच त्या स्त्रीचे खरे नाव समजतात.

शेवट: कादंबरी बेट सोडण्याच्या क्षणापाशी थांबते. सांता बार्बरा येथील सात आठवडे आणि मृत्यू कथेत येत नाहीत. लेखकाच्या टिपणात त्यांचा केवळ उल्लेख आहे. ज्या काळात ती मुख्य भूमीवर आली, त्या काळात सोन्याच्या शोधानंतरची हिंसा, रोगराई व विस्थापन यांमुळे कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांची संख्या वेगाने घटत होती. १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती सुमारे दीड लाख होती आणि १८७० पर्यंत सुमारे तीस हजारांवर आली, असा अंदाज इतिहासकार देतात. कादंबरीचा आशादायक शेवट या वास्तवाच्या अलीकडेच संपतो.

शालेय वापर आणि टीका

कॅलिफोर्नियातील शाळांत चौथ्या इयत्तेत राज्याचा इतिहास शिकवला जातो. त्यामुळे ही कादंबरी तेथील वर्गांत मोठ्या प्रमाणावर वाचली गेली आणि पुढे अमेरिकेच्या इतर राज्यांतही तिचा वापर रूढ झाला. अनेक विद्यार्थ्यांची तेथील मूळ रहिवाशांच्या इतिहासाशी पहिली ओळख याच पुस्तकातून होते. म्हणूनच त्यातील चित्रणावर झालेली टीका केवळ साहित्यिक राहिलेली नाही.

नाम्बे प्वेब्लो समाजातील अभ्यासक डेबी रीस यांनी कादंबरीतील मूळ रहिवाशांचे चित्रण साचेबद्ध असल्याची टीका केली आणि वर्गातील तिच्या वापरावर आक्षेप घेतला. साहित्य-अभ्यासक सारा श्वेबेल यांनी चाइल्ड-साइझ्ड हिस्टरी (२०११) या ग्रंथात शाळांतून इतिहास म्हणून वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांची चिकित्सा केली. जमातीतील शेवटचा माणूस ही एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लेखनातली आवडती प्रतिमा होती. मूळ रहिवासी आपोआप नाहीसे होत आहेत, असा समज या प्रतिमेने दृढ केला. एकाकी स्त्रीची हकिगत प्रथम याच चौकटीत सांगितली गेली आणि कादंबरीनेही ती चौकट फारशी मोडली नाही, असे या चिकित्सेतून दिसते. श्वेबेल यांनी संपादित केलेली कादंबरीची सटीप आवृत्ती २०१६ साली युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रेसने प्रकाशित केली. एकाकी स्त्रीविषयी एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत छापल्या गेलेल्या मजकुराचा एक डिजिटल संग्रहही त्यांच्या पुढाकाराने तयार झाला.

कादंबरीचे समर्थक तिच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधतात. ज्या काळात अमेरिकन बालसाहित्यात मूळ रहिवासी बहुधा शत्रू किंवा दुय्यम पात्रे म्हणून येत, त्या काळात ओडेल यांनी एका मूळ रहिवासी मुलीला संपूर्ण कथेची निवेदक केले. बाहेरून आलेली जहाजे या कथेत शोधमोहीम म्हणून न येता संकट म्हणून येतात. आज काही शिक्षक कादंबरीसोबत निडेव्हर यांच्या आठवणी व पुरातत्त्वीय माहिती वाचायला देतात आणि दोन्हींतील फरक शोधण्याचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घेतात.

नंतरचे संशोधन

सॅन निकोलस बेट १९३३ पासून अमेरिकी नौदलाच्या ताब्यात असून तेथे सर्वसामान्यांना प्रवेश नाही. २००९ साली बेटाच्या झिजणाऱ्या कड्यात पुरातत्त्वज्ञ जॉन अर्लंडसन व त्यांच्या सहकाऱ्यांना रेडवुडच्या फळ्यांच्या दोन पेट्या आढळल्या. त्यांत हाडांची व शिंपल्यांची अवजारे, गळ आणि दागिने अशा दोनशेहून अधिक वस्तू होत्या. त्या एकाकी स्त्रीने किंवा तिच्या काळातील लोकांनी ठेवल्या असाव्यात, असे मानले जाते. नौदलाचे पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन श्वार्ट्झ यांनी २०१२ साली गाळाने भरलेली एक मोठी गुहा शोधल्याचे जाहीर केले. जुन्या नकाशात नोंदलेली तिची गुहा हीच असण्याची शक्यता त्यांनी मांडली. पुढे लुइसेन्यो लोकांच्या पेचांगा जमातीने आपला सांस्कृतिक संबंध सांगून हरकत घेतल्यावर नौदलाने तेथील उत्खनन थांबवले.

अभिलेखीय संशोधनाने कथेतील एका जुन्या गृहीतकाला धक्का दिला. १८३५ साली नेलेल्या लोकांचा मागमूस उरला नाही, असे दीर्घकाळ समजले जात होते. लॉस एंजेलिस येथील चर्चच्या दप्तरांत निकोलेन्यो व्यक्तींच्या नोंदी सापडल्या आणि त्यांच्यापैकी काहीजण तेथे पुढेही जगल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे तिला आपल्या लोकांतील शेवटची व्यक्ती म्हणणे निर्विवाद राहिलेले नाही. तिच्या गाण्यांपैकी एक गाणे मानववंशशास्त्रज्ञ जॉन पीबॉडी हॅरिंग्टन यांनी १९१३ साली चुमाश समाजातील फर्नांडो लिब्राडो यांच्या आवाजात मेणाच्या नळकांड्यावर ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे. ते गाणे तिच्याकडून इतरांच्या तोंडी गेले आणि तेथून लिब्राडो यांच्यापर्यंत पोहोचले होते.

कादंबरीत ज्यांच्या शिकारीवरून संघर्ष पेटतो, त्या समुद्री उदांचीही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जवळजवळ वाताहत झाली होती. १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर त्यांना संरक्षण मिळाले. १९८७ ते १९९० या काळात १४० समुद्री ऊद सॅन निकोलस बेटाभोवती आणून सोडण्यात आले. त्यांच्यापैकी बरेचसे दूर निघून गेले, परंतु बेटाजवळ एक लहान वसाहत टिकून राहिली.

उत्तरकथा आणि चित्रपट

१९७६ साली ओडेल यांनी झिया ही उत्तरकथा प्रसिद्ध केली. उलापेची मुलगी झिया ही तिची निवेदक आहे. ती मावशीला बेटावरून आणण्याचा प्रयत्न करते. या पुस्तकात करना मिशनमध्ये येते, पण तिची भाषा कोणाला समजत नाही आणि तेथील जीवन तिला मानवत नाही. ती समुद्रकाठच्या गुहेत राहायला जाते व तेथेच तिचा मृत्यू होतो. पहिल्या कादंबरीने वगळलेला शेवट या पुस्तकात, कल्पिताच्या रूपाने का होईना, आला आहे.

कादंबरीवर आधारित चित्रपट १९६४ साली प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शन जेम्स बी. क्लार्क यांनी आणि निर्मिती रॉबर्ट रॅडनिट्झ यांनी केली होती. करनाची भूमिका सेलिया के यांनी केली.

पुरस्कार आणि प्रभाव

न्यूबेरी पदकानंतर ओडेल यांच्या द किंग्ज फिफ्थ, द ब्लॅक पर्ल आणि सिंग डाउन द मून या पुस्तकांनाही न्यूबेरी सन्मान मिळाला. समग्र लेखनासाठी त्यांना १९७२ साली हान्स क्रिस्चियन अँडरसन पुरस्कार देण्यात आला. चिल्ड्रेन्स लिटरेचर असोसिएशनने १९७६ साली, अमेरिकेच्या दोनशे वर्षांतील दहा सर्वोत्तम बालपुस्तकांत आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्सचा समावेश केला.

मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांना प्रोत्साहन मिळावे म्हणून ओडेल यांनी १९८२ साली स्वतःच्या नावाने एक पुरस्कार स्थापन केला. उत्तर, मध्य किंवा दक्षिण अमेरिकेत घडणाऱ्या आणि अमेरिकी प्रकाशकाने इंग्लिशमध्ये काढलेल्या बाल-किशोर कादंबरीला तो दिला जातो. पहिला पुरस्कार १९८४ साली एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर यांच्या द साइन ऑफ द बीव्हर या कादंबरीला मिळाला.